दादाचा कंदील

नाही, या ओट्यावरून मी उठणार नाही — आणि ओटाच आहे हा, मुली, तुमचा सेल्फी पॉइंट काल-परवाचा — वाजव, अजून एकदा शिट्टी वाजव, याच उद्यानात अठरा वर्षं मी वाजवलीय, वनरक्षक होतो, तुझ्यासारखाच. तिकीट? काढलंय की तिकीट, हे बघ. चौदा वर्षांनी आलोय. का आलो? जीव होता माझा या किनाऱ्यावर. बायको म्हणायची, तुम्ही कासवांशीच संसार थाटायचा होता — वाळूतल्या खुणा बघून मी सांगायचो, मादी अंडी घालून गेली की नुसतीच फिरून गेली. आणि आता काय, तर हे हॉटेल. बत्तीस खोल्या, प्रत्येकीला समुद्राकडे तोंड करून दिवा. भर दुपारी चालू आहेत बघ. मोजले मी, दुसरा उद्योग काय आहे म्हाताऱ्याला.

पिल्लं अंड्यातून निघाली की उजेडाकडे धावतात, हे शिकवलंय ना तुला? रात्री समुद्र उजळ असतो, म्हणून समुद्राकडे. जमिनीवर दिवा दिसला की तिकडे, आणि सकाळी कावळ्यांची चंगळ. तर इथे माझ्या थोरल्या भावाचं घर होतं. मीही इथेच राहायचो, लग्नाआधी. एकच घर, एकच कंदील. एका सकाळी अंगणात अकरा पिल्लं मेलेली सापडली आणि मी अहवाल लिहिला. हो, मीच. साहेब म्हणाले, सख्खा भाऊ आहे, जरा बेताने लिही — मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. फार ताठ होतो तेव्हा. त्या अहवालावर घर उठलं, मला शाबासकी आणि राहायला सरकारी क्वार्टर मिळाली. सामान चढवून दादा पाठ फिरवून गाडीत बसला. वहिनी तेवढी म्हणाली, "भावजी, त्या कासवांना तरी सुखात ठेवा." मग त्यांनी माझं तोंड पाहिलं नाही. दादा गेल्या महिन्यात गेला. मला पेपरात कळलं.

थांब, घोटभर पाणी पितो. अहवालात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. तो कंदील बाहेर टांगायचाच कशाला? दादाला काय गरज होती, तो अंधारात जाळी विणायचा. गरज मला होती. अंधारात माझे डोळे पहिल्यापासून अधू — नोकरी लागताना लपवलं होतं ते, फक्त दादाला माहीत — गस्त संपवून मी या खडकांतून यायचो, पाय घसरू नये म्हणून तो लावून ठेवायचा. मी उंबऱ्यात आलो की विझवायचा. रोज. त्या रात्री मी आलोच नाही. चौकीवर पत्ते कुटत बसलो होतो. आणि तो बिचारा वाट बघत — सकाळपर्यंत जळत होता कंदील.

बघू नकोस अशी. वही काढलीस? माझ्याविरुद्ध लिहिणार? लिही, तुझं कामच आहे ते. फक्त काही गाळू नकोस. आणि जा आता, तिकडे जाऊन लिही.