कपावरचं नाव

मंडळी, एक विचारतो. उत्तर मनातच द्या, शेजारणीला नको! ज्याचं तोंड बघवत नाही, त्याच्याकडून काही शिकता येतं का? नाही म्हणताय? मग ऐका!

कराडच्या स्टँडसमोर धोंडीराम ताटे यांचं मिसळीचं हॉटेल. आडनावच ताटे, दुसरं काय काढणार! तीस वर्षं चाललं झकास. आणि एक दिवस समोर काय उघडलं? अमेरिकन कॉफीचं दुकान! मूळ अमेरिकेतलं, जगभर फिरत फिरत कराडात पोचलं. आत गारेगार, गिऱ्हाईक तिकडं! धोंडीरामांनी खुर्चीच फिरवली – समोर बघायचंच नाही!

त्यातच कुणी येऊन सांगितलं, "मालक, तुमची वैजू तिथं नोकरीला लागलीय!"

पोटची पोरगी! धोंडीराम उठले, हातात झारा तसाच, तरातरा रस्ता ओलांडून आत!

"वैजे, चल घरी!"

वैजू हळूच म्हणाली, "आप्पा, आधी रांगेत या."

हसू नका! आले बिचारे रांगेत, झारा घेऊन. नंबर आला.

"नाव काय, सर?"

"बापाचं नाव विचारतेस?"

"सगळ्यांनाच विचारतो, आप्पा. कपावर लिहायचं, मग हाक मारून कॉफी द्यायची."

"लिही – धोंडीराम!"

बसले फुरंगटून. थोड्या वेळानं अख्ख्या दुकानात हाक घुमली – "धोंडीरामजी, तुमची कॉफी!"

मंडळी, आई गेल्यापासून त्यांना नावानं हाक मारलीच नव्हती कुणी! घरी आप्पा, दुकानात मालक. डोळे भरून आले हो! कॉफी कडूजहर होती, तरी कप रिकामा केला. उठताना म्हणाले, "संध्याकाळी वेळेवर ये घरी." बस्स! नोकरीचं नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यातल्या बाकावर एक म्हातारा आला. एकोणीस वर्षं रोज येणारा! धोंडीराम जवळ गेले.

"बाबा, तुमचं नाव काय?"

म्हातारा दचकला. "केरबा. केरबा मोहिते. का हो, माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही, माझं चुकलं. विचारायला एकोणीस वर्षं लावली!"

आणि भट्टीकडं तोंड करून ओरडले – "केरबाअण्णांची मिसळ! तर्री कमी!"

केरबा हसले. कसे? लहान पोरासारखे! दुसऱ्या दिवशी दोन दोस्तांना घेऊन आले. आठवडाभरात सगळं हॉटेल नावांनी गजबजलं. समोरचं दुकान बंद पडलं का? छे! तेही चाललंय. तिथला मॅनेजर तर आता इकडं मिसळ खायला येतो – नाकाडोळ्यांतून पाणी, तरी आणखी एक पाव मागतो!

आता तुमच्याकडं वळतो. दारात रोज दूध घालणाऱ्याचं नाव सांगा. जिना झाडणाऱ्या बाईंचं? का हो, माना खाली गेल्या?

तासभर कीर्तनात देवाचं नाव घेतलंत, टाळ्या वाजवल्यात, छान! पण देवाला स्वतःचं नाव पाठ आहे हो! बाजूला जो बसलाय ना, त्याच्याकडं वळा. त्याला त्याचं नाव विचारा. विचारा, विचारा! आरती थांबेल तेवढी.