वासूच्या गळ्यावरचा लेप

प्लेगच्या तपासणीने माणसं वाचली, असं माझ्यासमोर पुन्हा म्हणू नका. चहा घ्या आणि वासूचं काय झालं ते ऐका.

ठाण्याच्या पोरांचा मेळा कल्याणच्या सार्वजनिक गणपतीपुढे गायला निघाला होता. बातमीसाठी मीही बरोबर होतो. वासू मुख्य गाणारा. त्याचा घसा बसू नये म्हणून मेळ्याच्या मास्तरांनी गळ्याला हळद-चुन्याचा गरम लेप लावला होता. चुन्याने कातडी लाल होऊन सुजली. कल्याण स्टेशनात डॉक्टरसाहेबाने त्याचं उपरणं काढायला लावलं आणि म्हणाला, "गाठ!"

"साहेब, चुन्याने भाजलंय हो त्याला! मीच लावला," मास्तर हात जोडून म्हणाले.

"सगळे असंच काहीतरी सांगतात," दुभाष्याने परस्पर निकाल दिला.

प्लेगच्या छावणीकडे नेताना वासू ओरडला, "मास्तर, माझं कडवं दुसऱ्याला देऊ नका. मी येतोच!"

कुणाला दिलं नाही. त्या कडव्यापाशी पोरं नुसती गप्प उभी राहिली. मंडपातले लोक हसले. म्हणाले, विसरली वाटतं.

गळ्याची सूज लगेच उतरली. पण छावणीत शेजारच्या खाटांवर खरे रोगी होते. वासू परत आला नाही.

मी त्या साहेबाला गाठून जाब विचारला. तो म्हणाला, "बघा, शेवटी प्लेगच निघाला ना?"