सुट्टीच्या दिवशी भरलेला कॅन

(लघवी तपासणीची खोली. उंच क्रेन चालवणारा आणि त्याची बायको बाकावर बसलेत. समोर तपासणीच्या बाई त्याचा रिपोर्ट घेऊन. त्याला तीनदा मुतखडा झालाय. चौथा होणार नाही असं लिहून आणलं नाही, तर महिनाअखेर क्रेन त्याच्या हातून जाणार.)

तो — म्हणजे लघवीतली ही प्रथिनं चांगली की वाईट? एकदाच काय ते सांगा.

बाई — काही प्रथिनं खड्याच्या बारीक कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. काही उलट चिकटवतात. कोणती किती, त्यावरून पुन्हा खडा धरेल का याचा अंदाज येतो.

तो — दोन्ही एकाच लघवीत? मग माझ्या बाजूनं कोण?

बाई — या रिपोर्टात सगळीच तुमच्या बाजूनं. तेच मला कळत नाहीये. चोवीस तासांची लघवी साठवायचा कॅन भरलात कधी?

तो — सुट्टीच्या दिवशी. घरी होतो ना.

बायको — ग्लासावर ग्लास पाणी. म्हटलं, पोटात विहीर खणलीय की काय.

बाई — आणि कामावर किती पिता?

तो — कामावर कसं पिणार? शिडी चढायलाच अर्धा तास, वर सोय नाही. सकाळी चढलो की संध्याकाळी उतरायचं.

बायको — वर बाटली असते म्हणालात.

तो — असते की. भरलेली नेतो, भरलेली आणतो.

बाई — मग हा रिपोर्ट घरी बसलेल्या माणसाचा झाला. वर चढतो त्याचा नाही.

तो — माणूस एकच ना पण? लबाडी नाही केली मी. पास व्हावं म्हणून प्यायलो. एकोणीस वर्षं वर काढली. खाली मला ओळखतं कोण?

बायको — मागच्या खड्याची कळ कुठं आली होती हो? जेवताना म्हणाला होतात.

तो — वरच. हुकाला सळयांचा भारा होता. जीव मुठीत धरून खाली टेकवला.

बायको — खाली किती जण होते?

तो — मोजले नाहीत. पिवळी हेल्मेटं दिसत होती.

बायको — बाई, दुसरा कॅन द्या. कामाच्या दिवशीचा भरून आणतील.

तो — अगं, कॅन वर नेऊ कसा? शिडीला दोन्ही हात लागतात.

बायको — मग नका चढू.