टेकडीवरचं हिरवं थिगळ

— ओरडून काय होणार मास्तर? उपग्रह तुमचा दुश्मन आहे का? हा नकाशा बघा, ही तुमची टेकडी, ही पायथ्याची साठ घरं, हा वरचा उतार — हिरवा आहे ना? हिरवा म्हणजे झाडं, झाडं म्हणजे मुळं, मुळांनी माती धरून ठेवलेली. दरड कोसळायची भीती नाही, म्हणून तुमची वस्ती हलवायच्या यादीत नाही. माझा काय तुमच्यावर डूख आहे? बावीस वर्षं नकाशे करतेय मी, काल नाही आले इथे.

कसला फोटो? आणा बघू. ही शाळेची फरशी — अहो, फरशीला भेगा पडतातच, आमच्या ऑफिसात या, दाखवते — काय? हात जातो आत? कोपरापर्यंत? आणि ही मागे... ही तुमची टेकडी? एक झाड नाही हो हिच्यावर! कधीचा फोटो? परवाचा.

थांबा. थांबा जरा. पावसाळ्यात वरून नुसते ढग दिसतात, मास्तर — अकरा फोटो आले, अकराही वेळा तुमच्या टेकडीवर ढग. मग नकाशाला भोक पडतं, तिथे आम्ही हाताशी असेल त्या जुन्या फोटोचं थिगळ लावतो. सगळेच लावतात, त्यात चोरी नाही. फक्त थिगळ राखाडी ठेवायचं, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की इथलं आम्हाला ठाऊक नाही. कुठंय राखाडी? नाहीये. आमचे साहेब म्हणाले, राखाडीने नकाशा बुरशी लागल्यासारखा दिसतोय, वरच्यांना दाखवायचाय — मी काढलं. साहेब बोलले खरं, पण बोट माझंच. थिगळ चार वर्षांपूर्वीचं, दुष्काळाच्या आधीचं. एवढ्या उन्हात झाडं वाळली असणार हे मला कळत नव्हतं? कळत होतं हो. चांगलं कळत होतं.

असं बघू नका माझ्याकडे. नवा नकाशा, त्यावर सही, मग यादी — आठ दिवस जातील, आणि पाऊस आज दुपारपासून सांगितलाय, महिन्याचा एका दिवसात. कागदाची वाट बघू नका, वस्ती रिकामी करा — आणि शाळा? शाळा बंद आहे ना? चालू? मुलांना बसवून आलात? त्याच खोलीत? का पण — कोणी सांगितलं... हो. पत्र. ‘शाळा भरवण्यास हरकत नाही.’ सही माझीच आहे.

फोन लावा. लागत नाही? परत लावा. अजून — राहू दे, राहू दे तो फोन, ही घ्या माझ्या गाडीची किल्ली. माझं काय व्हायचं ते होईल, तुम्ही निघा. निघा हो मास्तर, पळा!