तीन शिफ्टच्या तीन ब्रँच

...नाही, पण मला एक सांगा, माणसानं नऊ वर्षांचं भांडण एका दुपारात मिटवलं, तर त्याला शाल-नारळ द्यायचा का त्याला ऑडिटला उभं करायचं? नारळ राहू द्या, मी काही नारळाला हपापलेलो नाही, पण निदान नातेवाइकासारख्या पोरीनं कपाळाला हात लावून ‘काका, हे काय करून ठेवलंत?’ असं तरी विचारू नये! आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी अण्णासाहेब. मूळचा औशाकडचा, पण चाकणजवळ निघोज्यात राहून बावीस वर्षं झाली, आता गावाकडचे लोक मला ‘चाकणचे पाहुणे’ म्हणतात आणि चाकणचे लोक ‘ते लातूरकडचे’ म्हणतात, म्हणजे घरचा कुठलाच नाही, ते असो. कंपनीत माझ्याकडं एक मोल्डिंग मशीन आहे, म्हणजे त्याचा सुपरवायझर मी. गाडीच्या दाराला आतून ओढायला हँडल असतं ना, ते काढतं. प्लास्टिक वितळवायचं, साच्यात ढकलायचं, गार होऊ द्यायचं, बाहेर काढायचं. एवढंच! पण गार किती सेकंद होऊ द्यायचं... तुम्हाला सांगतो, या एका आकड्यावरून जेवढी भांडणं झालीत ना, तेवढी बांधावरून नसतील झाली.

कारण शिफ्ट तीन आणि सेटर तीन. सेटर म्हणजे मशीनचे आकडे लावणारा माणूस. सकाळी ज्योतीराम, हा माझ्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. दुपारी शेखर, त्याला दिवसाचं टार्गेट सोडून दुसरं काही दिसत नाही. आणि तिसऱ्या शिफ्टला कोंडाजी, कुरुळीचा, तिथलाच, म्हणजे आमच्या कंपनीच्या आधी तिथं जे शेत होतं ते यांच्या भावकीचं. आता यातल्या कोणाला तुम्ही ‘तुझा आकडा चुकलाय’ म्हणून दाखवा बरं! आमच्याकडं पद्धत अशी की नवीन शिफ्टचा सेटर आला, की डबा ठेवायच्या आधी, चहाच्या आधी, मागच्याचा आकडा बदलणार आणि म्हणणार, ‘वाट लावून ठेवली मशीनची.’ रोज तीनदा. नऊ वर्षं! मधे जो उभा राहून ऐकायचा तो मी.

अशात गणपतीच्या आठवड्यात दीक्षा आली. आमच्याबरोबर धम्मरत्न काम करायचा, त्याची मुलगी. लहानपणी दसऱ्याला मशीनची पूजा बघायला यायची बापाचं बोट धरून, आता इंजिनिअर होऊन आमच्याच कंपनीत! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. ती म्हणाली, ‘काका, आता सेटिंगच्या फाइली पेनड्राइव्हवर आणि चिठ्ठ्यांवर ठेवायच्या नाहीत, आता सगळ्या गिटमध्ये.’ म्हटलं, ते काय असतं? तर म्हणे, एक सॉफ्टवेअर असतं, फाइल कधी बदलली, कोणी बदलली, आधी काय होती, सगळं लक्षात ठेवतं. मी म्हटलं, अगं, आमच्याकडं ते काम कोंडाजी करतो, त्याला दोन हजार दहा सालचं पण आठवतं. हसली बिचारी. मग मार्कर घेतला आणि रिजेक्ट मालाच्या खोक्यावर मला चित्र काढून दाखवायला लागली.

एक सरळ रेघ काढली. म्हणाली, ‘ही मेन. ही चालू लाइन.’ बरं. मग त्यातून एक फाटा काढला. ‘ही ब्रँच. मेनला धक्का न लावता काही करून बघायचं असलं की ब्रँच काढायची, तिच्यात बदल करायचे.’ बरं. मग रेघेवर एक ठिपका काढला, त्याला नाव दिलं. ‘हा टॅग.’ म्हटलं, नाव तर तू ब्रँचलाही दिलंस, मग फरक काय? ती म्हणाली, ‘काका, तुम्ही नवीन बदल टाकला की ब्रँचचं नाव त्याच्याबरोबर पुढं सरकतं. टॅग सरकत नाही. टॅग जिथं लावला तिथंच राहतो.’ मी म्हटलं, म्हणजे ब्रँच ही एसटी आणि टॅग हा स्टँड. ‘बरोब्बर, काका!’ तुम्हाला सांगतो, पन्नाशी उलटल्यावर कोणी ‘बरोब्बर’ म्हटलं की माणूस जरा फुगतोच. तेव्हा मी थांबायला पाहिजे होतं, पुढचं ऐकायला पाहिजे होतं, कारण ती तोंड उघडून पुढचं सांगतच होती, ‘आणि काका, ब्रँचचं काम झालं की ती परत...’ आणि जेवणाचा भोंगा झाला. आता भोंगा झाल्यावर कोण थांबतं? कँटीनला त्या दिवशी उसळ होती, उशीर झाला की नुसता रस्सा राहतो. यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

पण उसळ खाता खाता माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, अरे, ही तर वाटणी आहे! एका घरात तीन भाऊ भांडतात, उपाय काय? चुली वेगळ्या करा. मी दुपारीच लॅपटॉपवर बसलो, दीक्षानं दाखवलं होतं तसं दोन बोटांनी टाइप केलं आणि तीन ब्रँच काढल्या. एक सकाळ, एक दुपार, एक रात्र. ज्याची शिफ्ट त्याची ब्रँच. आपली उघडायची, मशीनला आपला आकडा द्यायचा, आठ तास चालवायचं, दुसऱ्याच्या चुलीत डोकावायचं नाही. ज्योतीरामचे सोळा सेकंद, शेखरचे चौदा, कोंडाजीचे एकोणीस. आणि काय सांगू तुम्हाला... भांडण बंद! शेखर आणि कोंडाजी एकमेकांना तंबाखू देताना बघितले मी. तीन महिने मी जेवल्यावर डुलकी काढली, हो, खरंच काढली. मेनला तर मी कोणाला बोटसुद्धा लावू दिलं नाही, देव्हाऱ्यातल्यासारखी ठेवली होती, स्वच्छ.

मग साहेब आले. तोंड उतरलेलं. म्हणाले, ‘अण्णा, गुरुवारी गाडीवाल्यांच्या क्वालिटीच्या मॅडम ऑडिटला येणार. तिन्ही शिफ्टचे पीस बघणार, तिन्ही शिफ्टचं सेटिंग बघणार. एकसारखं दिसलं नाही तर मशीन उचलून दुसऱ्या प्लँटला, परराज्यात.’ मी विचारलं, आणि माणसं? त्या मशीनवर आमची अठरा माणसं आहेत हो! साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि गेले. खांद्यावर हात ठेवतात ना, तेव्हा समजायचं, आता सगळं आपल्या खांद्यावर.

मंगळवारी दीक्षानं लॅपटॉप उघडला. बघते तर तीन रेघा गणपतीपासून तीन दिशांना निघाल्यात त्या निघाल्यात. ‘काका, मेन कुठंय?’ म्हटलं, तिथंच आहे, अगदी सुरक्षित, कोणी हात लावला नाही. तेव्हा तिनं तो कपाळाला हात लावला. ‘काका, ब्रँच शेवटी परत मेनमध्ये आणायची असते! मर्ज करायची असते!’ आणायची असते? हे कधी सांगितलंस? ‘सांगत होते, तुम्ही उठून गेलात!’ आता उसळीचं तिला काय सांगू...

बरं, मर्ज तर मर्ज. सकाळची ब्रँच मेनमध्ये घातली, गुपचूप गेली. म्हटलं, बघा, सासुरवाडीचा माणूस असला तरी गरीब आहे. दुपारची घातली आणि लॅपटॉप अडला. लाल अक्षरात लिहून आलं. दीक्षा म्हणाली, ‘कॉन्फ्लिक्ट आलाय. एकाच ओळीत ज्योतीराममामांनी सोळा लिहिलंय, शेखरदादांनी चौदा. ते विचारतंय, कोणतं ठेवू?’ म्हटलं, मला विचारतंय? एवढं शहाणं सॉफ्टवेअर, सगळं लक्षात ठेवणारं, त्यानंच ठरवावं की! ती शांतपणे म्हणाली, ‘नाही काका, इथं माणसालाच ठरवावं लागतं.’ तुम्हाला सांगतो, नऊ वर्षं ज्या प्रश्नापासून मी पळत होतो, तो प्रश्न त्या पोरीनं स्क्रीनवर लाल अक्षरात आणून ठेवला. आणि खाली उत्तराची वाट बघत ती कर्सरची रेघ लुकलुकतीय, लुकलुकतीय...

बुधवारी दुपारी तिघांना बोलावलं. कोंडाजी झोप सोडून कुरुळीहून गाडीवर आला. ज्योतीराम म्हणाला, ‘दाजी, मी जास्त बोलत नाही, पण ताईला काय तोंड दाखवणार तुम्ही, ते बघा.’ शेखर म्हणाला, ‘राव, चौदाच्या वर एक सेकंद गेला तर टार्गेट मॅडम भरून देणार आहेत का?’ कोंडाजी खुर्चीवर बसलासुद्धा नाही. ‘आमी न्हाई ऐकायचो. पीस गरम निघाला की वाकतोय, ह्ये डोळ्यांनी दिसतंय. मशीनला दम खाऊ द्या. आन् अण्णा, ही जिमीन आमची व्हती तवा सुदिक कुणाच्या घाईनं पीक निघालं न्हाई.’ मी आपला मधला मार्ग काढला. म्हटलं, तिघांची सरासरी काढू. दीक्षानं काढली, सोळा पूर्णांक काहीतरी आली. ज्योतीराम गालात हसला आणि झालं! शेखर म्हणतो, ‘अच्छा, म्हणजे मेहुण्याचाच आकडा!’ कोंडाजी हेल्मेट घालून निघाला. यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा, भागाकार मी केला नव्हता हो!

मी दारात आडवा झालो, हात जोडले. खरंच जोडले. अठरा माणसं आहेत रे, म्हटलं, त्यांची पोरं आहेत, परराज्यात मशीन जाईल, माणसं नाही जायची. तिघंही खाली बघायला लागले.

तेव्हा दीक्षा म्हणाली, ‘टॅग बघू या का?’ कसला टॅग? ‘पहिल्या दिवशी मी फाइल टाकली ना, तेव्हा गाडीवाल्यांनी सही करून मान्य केलेला कागद शोधला होता. त्यात जे होतं त्याच्यावर टॅग लावलाय. ब्रँच कुठंही गेल्या तरी तो तिथंच असणार.’ उघडला. सतरा.

सतरा! सही आमच्याच मोठ्या साहेबांची आणि गाडीवाल्यांची. कोणी कधी सतरावर मशीन चालवलंच नव्हतं. शेखरनं तोंड वाकडं केलं, तीन सेकंद जास्त. कोंडाजीनं वाकडं केलं, दोन कमी. ज्योतीरामला एकच सेकंद हलायचं होतं, पण तोही हळहळला. आणि मग, देवाशपथ, तिघांनीही मान डोलावली. का? कारण तो तिघांपैकी कोणाचाच नव्हता! आमच्याकडं माणूस हरायला तयार असतो, फक्त समोरचा जिंकलेला दिसता कामा नये. दीक्षानं सतरा लिहिलं, मग रात्रीची ब्रँचही आत घेतली, तिथंही सतराच लिहिलं, तीन रेघांची एक रेघ झाली. तिन्ही शिफ्ट सतरावर चालल्या आणि एकाही हँडलनं मान वाकडी केली नाही.

गुरुवारी मॅडम आल्या. मापं घेतली, पीस जोखले, टॅग बघितला, दीक्षाला ‘छान’ म्हणाल्या. साहेबांच्या तोंडावर रंग आला. मशीन राहिलं, अठराच्या अठरा माणसं राहिली. ज्योतीरामनं माझ्याकडं बघून डोळे पुसले, खोटं नाही सांगत. आणि मग निघता निघता, पेनाचं टोपण लावता लावता, मॅडमनी विचारलं, ‘उद्या कोणाला आकडा बदलावासा वाटला, त्यानं ब्रँच काढली, तर ती मेनमध्ये घ्यायची का नाही, हे कोण ठरवतं?’

साहेब छताकडं बघायला लागले. आणि तिघांनी, एकमेकांकडं न बघता, नऊ वर्षांत पहिल्यांदा, एकाच वेळी, एकाच दिशेला बोट केलं. मॅडमनी टोपण परत काढलं, फॉर्ममध्ये माझं नाव लिहिलं आणि विचारलं, ‘कोणत्या शिफ्टसाठी?’ साहेब म्हणाले, ‘लिहा, तिन्ही.’

आता ज्योतीराम आमच्याच ताटावर बसून ‘दाजी, एक छोटी ब्रँच काढलीय, बघा जरा’ म्हणतो. शेखर फोन करतो. कोंडाजी फोन करत नाही, तो सरळ दारात येतो, ‘हाय का अण्णा घरात?’ भांडणं तीच, माणसं तीच, फक्त आधी मधे उभं राहून ऐकायचो, आता ऐकून खाली सही पण करायची. परवा बायकोनं डबा भरता भरता विचारलं, ‘आज कोणती शिफ्ट आहे तुमची?’

म्हटलं, ‘भर तू. जी चालू असेल ती.’