देवराईतली काडी

ड्रोन पडायचाच, तर देवराईत पडावा? चौक गावाजवळ एका लग्नाचं शूटिंग करत होतो. वारा आला आणि माझा ड्रोन देवाच्या रानातल्या उंच आंब्यावर जाऊन अडकला. नवरदेवाची अख्खी मिरवणूक त्याच्या कार्डात!

झाडाखाली नवरीची आत्या वाट अडवून उभी. "फांदी तोडायची नाय. देवाच्या रानातली काडीबी भायेर जात नाय."

"नाही तोडत. पण ड्रोन घेतल्याशिवाय हलत नाही," म्हटलं. चपला काढून चढलो. लाल मुंग्यांनी फोडून काढलं, तरी ड्रोन उतरवलाच.

मांडवात टाळ्या पडल्या. आत्या मात्र ड्रोनच्या पंख्याकडे बघत होती. "ही अडकलेली काडी तिथलीच ना रं?"

"आत्याबाई, मंगलाष्टकं सुरू होतायत!"

"मग धाव की, ठेवून ये काडी!"