ढिगातलं जॅकेट

हॅलो?… हो ताई, मीच. हळू बोलतेय, स्वयंपाकघरातून… नाही गं, तब्येत बरी आहे. बाहेर माझी धाकटी जाऊ आलीय… हो, तीच. नटवी… मग काय म्हणू? हिने गोणपाट गुंडाळलं तरी लोक शिंप्याचा पत्ता विचारतात. आमचे हेसुद्धा!

अगं, उद्या लेकीचा इंटरव्ह्यू ना… हो, पहिलाच. मी म्हटलं, चल, कपडे घेऊ. तर म्हणते कशी, “आई, तू महाग आणतेस, चांगलं नाही. मी काकूबरोबर जाते.” … काकूबरोबर! जन्म मी दिला, लंगोट मी धुतले, आणि जॅकेट काकू निवडणार?

हं… हो, त्या बाजारातल्या ढिगातूनच घेते ती सगळं. कारखान्यातून नाकारलेला माल असतो ना, तो. आधी कपडा उलटा करते. शिवण ताणून बघते. मग मुठीत चुरगाळायचा आणि सोडायचा, सुरकुती राहिली की परत ढिगात. घरी आणून बटणं बदलते, कंबरेत आत घेते, आणि मग अशी मिरवते की… बरं बरं, मिरवत नाही. दिसते. तेच तर दुखणं आहे!

अगं ऐक ना. मीही गेले होते… एकटीच! कोपरं मारत शिरले ढिगात, उलटं केलं, ताणलं, चुरगाळलं, सगळं केलं. घरी येऊन बघते तर एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब… हस, हस तू.

मग? मग काय, डोकं फिरलं. सरळ त्या काचेच्या दाराच्या दुकानात शिरले… हो, तेच. राखाडी जॅकेट घेतलं. ताई, काय कापड आहे गं!… किंमत विचारू नकोस… दाढेच्या कॅपसाठी ठेवलेले पैसे होते ते… मग चावीन दुसऱ्या बाजूने!

नाही, ते नाही सांगितलं. लेबल नखाच्या कात्रीने काढलं, पिशवीत कोंबलं, वर जरा बसले त्याच्यावर, आणि लेकीला म्हटलं, “ढिगात मिळालं. अगदी मातीमोल.” … हो, खोटं बोलले! तिने उलटं केलं, ताणलं, चुरगाळलं, आणि चक्क गळ्यात पडली माझ्या. “आई, तुझी नजर काकूपेक्षा भारी!” … ताई, असं काही ऐकायला कान किती आसुसतात, ते तुला नाही कळायचं, तुला तीन मुलगेच.

तर लाडोबाने लगेच काकूला फोन लावला ना! आणि ती हजर… आता, बाहेर, सोफ्यावर. तिनेही पिशवीतून काहीतरी आणलंय पोरीसाठी. तिला त्या बाजारातला ढीग न् ढीग पाठ आहे गं! एका नजरेत ओळखेल… थांब. दाराच्या फटीतून दिसतंय. जॅकेट तिच्या मांडीवर आहे… बाही उलटी केली… अस्तर बघतेय… आतल्या खिशात बोटं घातली…

अगं बाई! ताई, मेले मी. सुटं बटण! त्या प्लॅस्टिकच्या इवल्याशा पाकिटात असतं ना, दुकानाचं नाव छापलेलं… नाही काढलं गं! कोणाच्या लक्षात राहतं?… तिने काढलं. वाचलं. लेक? लेक आरशापुढे केस बांधतेय.

श्श्… बोलतेय ती. थांब… “हो, मी पाहिलं होतं हे त्या ढिगात. तुझ्या आईने माझ्या हातचं उचललं. उद्या हेच घाल.” …

असंच म्हणाली. शपथ…

इकडे येतेय… अं? पाणी हवंय का गं? गाळून ठेवलंय… नको?… अगं, निघालीस लगेच?… हो, उद्या कळवते तुला कसा झाला ते… बरं. सावकाश जा.

… आहे ताई, आहे. गेली ती. ते पाकीट माझ्या मुठीत ठेवलं आणि गेली. स्वतःची पिशवी उघडलीसुद्धा नाही… नाही गं, हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं! एक टोमणा मारला असता तर वर्षभर पुरला असता मला. आता हिच्यावर जळायचं तरी कुठल्या तोंडाने?… हो, तरी जळतेय, अजून जास्त! जॅकेट माझं, पोरगी माझी, आणि शोभून दिसली कोण? तीच!

… नाही, रडत नाहीये. नाक वाहतंय. ठेव तू… ठेव म्हटलं ना!